डोंगराची नावखूण

"कवी खोटारडा आहे," वैष्णवी म्हणाली.

म्हणाली म्हणजे हाताने. हनुवटीवरून बोट आडवं ओढलं की आमच्या शाळेत त्याचा अर्थ 'खोटं' असा होतो. तिने ते इतक्या ठसक्यात ओढलं की फळ्याकडे न बघणारी मुलंही माझ्याकडे बघायला लागली. आता बाई काय करतात ही उत्सुकता ऐकू येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांत सारखीच असते.

मी बुलडाण्याच्या एका निवासी कर्णबधिर शाळेत मराठी शिकवत असे. आता निवृत्त आहे. ही गोष्ट निवृत्तीच्या थोडी आधीची, सातवीच्या वर्गातली. पूरक वाचनाच्या एका पुस्तिकेतल्या दोन ओळी मी फळ्यावर लिहिल्या होत्या:

डोंगर म्हातारा उन्हात बसला,
ढगाचा फेटा बांधून हसला.

"यात खोटं काय आहे?" मी विचारलं.

खुणांतलं बोलणं मी इथे सरळ मराठीत लिहिते आहे. प्रत्यक्षात त्यात हात, भुवया, गाल, खांदे सगळेच बोलतात आणि एकाच वेळी बोलतात. कागदावर ते एकामागे एक येतात, त्याला माझा इलाज नाही.

"डोंगर बसत नाही," वैष्णवी म्हणाली. "फेटा डोक्याला बांधतात. डोंगराला डोकं नाही. आणि हसला? मी रोज गच्चीवरून बघते. एकदापण हसला नाही."

"म्हातारा तरी आहे ना?"

"जन्मतारीख कुठे आहे?"

वर्ग हसला. आमचा वर्ग हसायचा तेव्हा शेजारच्या सायकलच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायचा. लोकांना वाटतं, कर्णबधिरांची शाळा म्हणजे शांत असणार. आमच्या शाळेइतका गोंगाट मी दुसरीकडे ऐकलेला नाही. कुणाला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा, हादरा त्याच्या पायापर्यंत जातो. तो लांब असेल तर बाक आपटायचा. आवाज होतो हे मुलांच्या गावीही नसतं, त्यामुळे तो कमी करण्याचा प्रश्नच येत नाही. निवृत्त झाल्यावर कितीतरी दिवस मला दुपारची झोप लागत नव्हती. घर फार गप्प वाटायचं.

तर डोंगर. कवितेत एका वस्तूला सरळ दुसरीच वस्तू म्हणून टाकतात, त्याला आपण रूपक म्हणतो. ऐकू येणाऱ्या मुलाला ते शिकवावं लागत नाही. बाप त्याला 'गाढवा' म्हणतो, आई 'माझं सोनं' म्हणते, आजी 'डोकं नको खाऊ' म्हणते, आणि ते मूल ना आपली शेपटी शोधत, ना आजीचं डोकं तपासत. शाळेत येण्याआधीच त्याने हजारो रूपकं ऐकलेली असतात. आमच्या मुलांच्या कानावर यातलं काहीच पडत नाही. त्यांना भाषा आम्ही देतो, आणि एकेक शब्द मोजून देतो. डोंगराचं चित्र, खाली 'डोंगर'. म्हाताऱ्याचं चित्र, खाली 'म्हातारा'. अशी सहा-सात वर्षं घालवायची आणि मग एक दिवस म्हणायचं, डोंगर हाच म्हातारा. मुलांना वाटतं, बाईंचं काहीतरी बिनसलं.

मी 'सारखा' ही खूण वापरून पाहिली. दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना चिकटवायच्या. डोंगर, म्हातारा, सारखे. वैष्णवीने दोन बोटांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग परत बोटांकडे, आणि मान हलवली. चित्र काढायला सांगितलं. मुलांनी डोंगर काढले आणि त्यांना मिशा, काठ्या, धोतरं नेसवली. एकाने कवळी काढली. सुंदर चित्रं होती, भिंतीवर लावली. अर्थ मात्र कुणालाच लागलेला नव्हता. त्यांच्या मते हा मिशावाला डोंगर नावाचा वेगळाच प्राणी होता.

एरवी मी ते सोडून दिलं असतं. कविता न कळून कुणाचं अडत नाही, मोठमोठ्या पदांवरच्या माणसांचंही अडलेलं मी पाहिलं नाही. पण वैष्णवीचं अडणार होतं.

आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढे ज्यांचे आईबाप पाठवायला तयार असतील ती मुलं मोठ्या शहरांतल्या विशेष शाळांत जात. वैष्णवीचे वडील तेजरावभाऊ देऊळघाटच्या पुढे एका खेड्यात भाजीपाला करत. पोरीला इतक्या लांब पाठवायला ते तयार नव्हते. गावापासून सायकलवर जाता येईल असं एक साधं हायस्कूल होतं. साधं म्हणजे ऐकू येणाऱ्या मुलांचं. तिथे आठवीत घालावं, असं मी सुचवलं होतं.

तेजरावभाऊ दर महिन्याला भेटायला येत, येताना सांबाराची जुडी आणत. बाकीचे महाराष्ट्रीय तिला कोथिंबीर म्हणतात. त्या खेपेला जुडी टेबलावर ठेवून ते उभेच राहिले.

"बसा ना भाऊ."

"बाई, हायस्कूलात जाऊन आलो. हेडसर म्हने, गनित येईन, इतिहास येईन, पन मराठीचं कसं? कविता असतात म्हने आठवीले. बहिऱ्या पोरीले कविता कशी समजन?"

"ते प्रवेश नाकारू शकत नाहीत. तसा कायदा आहे."

"हाव, ते सोताच म्हनले. कायदा हाय, बसवू म्हने." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "कायद्यानं बाकावर बसवतीन बाई. पन शिकवन्याले कोनता कायदा हाय? मनातून नसन त्यायच्या, तं पोरगी तिथं बसून काय करन? त्यापेक्षा माह्याजवळ वावरात बरी. हात चपळ हाये तिचा."

"मग ठरलं का तुमचं?"

"नाही. हेडसर म्हने, एकडाव घेऊन या, पाह्यतो. कविता सांगतली तिनं तं मी सोता वर्गात नेऊन बसवीन म्हने. मी म्हटलं, ठीक हाय. तुमी मनातून हो म्हना, तं शाळा. नाही तं घर."

मी त्यांना समजावलं, थोडी चिडलेसुद्धा. ते ऐकून घेत राहिले. पण शब्द देऊन आलेला माणूस होता, मागे हटणार नव्हता. वैष्णवी दारात उभी राहून त्यांचे ओठ वाचत होती. बापाचे ओठ तिला पुस्तकापेक्षा चांगले वाचता येत. ते गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि तिने पुस्तिका उघडून डोंगराच्या पानावर बोट ठेवलं.

"शिकवा," ती म्हणाली. "खोटं असलं तरी शिकवा."

यानंतरचे दोन आठवडे मी शिकवलं आणि तिने घोकलं. घोकण्यात आमची मुलं पटाईत. परीक्षेत ध्वनिदर्शक शब्द असतात ना, पानांची सळसळ, बांगड्यांची किणकिण, पैंजणांची छुमछुम? त्यात आमच्या शाळेला नेहमी पैकीच्या पैकी. यातला एकही आवाज ज्यांनी ऐकला नाही त्या मुलांना तो तक्ता झोपेतही लिहिता येत असे. तपासायला येणारे साहेब हे बघून भारावून जात. मला ते बघून फारसं कौतुक वाटत नसे, पण गुण मिळत होते, आणि गुणांना नावं ठेवण्याइतकी मी श्रीमंत नव्हते.

तशाच पद्धतीने वैष्णवीने 'डोंगर म्हातारा म्हणजे फार जुना' हे पाठ केलं. पुढची ओळ विचारली की मात्र कोरा चेहरा. पाठ केलेलं उत्तर त्याच प्रश्नाला चालतं.

मार्ग निघाला तो जेवणघरात, आणि तो मी काढलेला नाही.

वसतिगृहाला नवे अधीक्षक आले होते. उंच, किडकिडीत, मान किंचित पुढे झुकलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांसमोर भाषण केलं. शिस्त, संस्कार, दिव्यत्व वगैरे. मी ते खुणांत सांगत होते आणि सोयीनुसार गाळतही होते. पण मुलांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती अधीक्षकांना न्याहाळत होती. त्यांना नाव द्यायचं होतं.

इथे थोडं सांगायला हवं. कर्णबधिर माणसं एकमेकांना तुमच्या-आमच्या नावांनी हाक मारत नाहीत. प्रत्येकाची एक नावखूण असते. ती दुसऱ्यांनी द्यायची, स्वतः घ्यायची नाही, आणि एकदा मिळाली की बदलून मिळत नाही. माझी नावखूण म्हणजे नाकावर घसरलेला चष्मा बोटाने वर सारणं. वैष्णवीची म्हणजे कपाळाच्या वर, केसांच्या रेषेपाशी बोट गोल फिरवणं, कारण तिथे तिच्या केसांत भोवरा होता. आमच्या मुख्याध्यापकांची म्हणजे पोटासमोरून हाताने काढलेली भली मोठी कमान. त्यांना ती माहीत होती. आपल्या निवृत्तीच्या दिवशी त्यांनी व्यासपीठावरून ती स्वतःच करून दाखवली आणि मग रडले.

तर रात्रीच्या जेवणाला मी पंगतीवर होते आणि मुलांनी नव्या अधीक्षकांचा निकाल लावला. वैष्णवीनेच लावला. तिने कोपरापासून हात ताठ वर केला आणि मनगटातून पंजा खाली सोडला. कणीस भरून वाकलेलं, शेतात उभं ज्वारीचं ताट. पंगतभर हात वर गेले, पंजे खाली पडले. ठराव एकमताने मंजूर.

माझा घास हातातच राहिला.

"वैष्णवी," मी म्हटलं, "सर ज्वारी आहेत?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "नाही. सर माणूस आहेत."

"त्यांना कणीस लागलं आहे?"

"नाही!"

"मग तू खोटं बोललीस."

"खोटं नाही," ती म्हणाली. "ही नावखूण आहे. सर उंच, मान अशी, वाऱ्याने हलतील अशी. ज्वारीचं ताट बघितलं की सर आठवतात. सरांना बघितलं की ज्वारी. म्हणून."

"आणि डोंगर?"

तिने भाकरी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर काय काय झालं ते मी लिहीत बसत नाही, मला ते नीट जमणारही नाही. ती पंगतीतून उठली, हात न धुता दोन्ही पाय आपटले, सगळ्यांना आपल्याकडे वळवलं, आणि सांगितलं, "कवीने डोंगराला नावखूण दिली!"

बाकी पोरांनाही ते कळायला वेळ लागला नाही. पाठीत वाकलेला, जागचा न हलणारा, डोक्यावर पांढरं बांधून उन्हात बसलेला. अशी नावखूण त्यांनी स्वतः दिली असती. एक मुलगा तर म्हणाला, कवी बहुतेक बहिराच असेल. ही आमच्याकडची मोठी शाबासकी.

त्या दिवसानंतर रूपक हा शब्द मी वर्गात वापरला नाही. नवीन कविता आली की मुलं विचारत, कोणाला नावखूण दिली आणि काय बघून दिली. मला वाटतं, एवढ्यात सगळं आलं. महाविद्यालयात याच गोष्टीवर आम्हाला एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्यातलं मला आज एक पानही आठवत नाही.

हायस्कूलला गेलो तो दिवस उन्हाळ्याचा होता. तेजरावभाऊ सकाळची भाजी उतरवून आले होते, शर्टावर पाण्याचे डाग. वैष्णवीने कानामागे श्रवणयंत्र लावलं होतं. हे यंत्र तिला एका वाटप सोहळ्यात मिळालं होतं. त्या सोहळ्याच्या बॅनरवर देणाऱ्यांचे चेहरे होते, घेणाऱ्यांचं नावही नव्हतं. फोटो भरपूर निघाले, बॅटऱ्यांचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या तेजरावभाऊ आणत. यंत्र लावून तिला दार आपटलेलं कळे. बोलणं कळत नसे. पण भेटीला जाताना ती ते लावे, समोरच्याला बरं वाटतं म्हणून.

हेडसर सज्जन माणूस होते, हे आधीच सांगते. त्यांनी तेजरावभाऊंना खुर्ची दिली, वैष्णवीला पाणी दिलं. त्यांच्या मागे काचेचं कपाट होतं. त्यात स्मृतिचिन्हं, घड्या घातलेल्या शाली, आणि एकाच पुस्तकाच्या बऱ्याच प्रती. हेडसर बालकवी होते. म्हणजे मुलांसाठी कविता लिहीत. संग्रह स्वखर्चाने काढलेला होता आणि शाळेच्या बक्षीस समारंभात पहिल्या येणाऱ्याला तो मिळे. दुसऱ्या येणाऱ्यालाही तोच मिळे. तेजरावभाऊंनी मला हे रस्त्यातच सांगितलं होतं. शेजारच्या पोराला धावण्यात एक मिळालेला होता आणि लांब उडीतही.

"मॅडम, गैरसमज नको," हेडसर म्हणाले. "माझ्या एका वर्गात इतकी पोरं आहेत की हजेरीतच तास जातो. या पोरीला नुसतं बसवून ठेवलं तर पाप मलाच लागेल. गणित फळ्यावर दिसतं. पण कविता ही कानाची गोष्ट आहे. नाद आहे, लय आहे. ती हिच्यापर्यंत कशी जाणार? हे मी कवी म्हणून विचारतो आहे."

"विचारा तिला. मी फक्त सांगायचं काम करेन. मदत करणार नाही."

त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. कोणतं, हे सांगायला नको. पान शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं.

उभा अंगणी पिंपळदादा,
वारा आला पाहुणा,
पान पान मग टाळ्या पिटते,
स्वागत करते पुन्हा पुन्हा.

वैष्णवीने ओळींखालून बोट फिरवत वाचलं. 'पिटते' तिला अडलं, ते मी सांगितलं. हेडसरांनी पहिला प्रश्न कागदावर लिहून दिला: वाऱ्याला पाहुणा का म्हटलं आहे?

ती माझ्याकडे वळली. "नावखूण आहे. वारा सांगून येत नाही. आला की सगळे उठतात, हलतात. थोडा वेळ थांबतो आणि जातो." मग जरा विचार करून, "जेवायला मागत नाही, एवढं बरं."

मी शब्दाला शब्द सांगितलं. हेडसर मोकळेपणी हसले. तेजरावभाऊंनी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. दुसरा प्रश्न आला: पाने टाळ्या पिटतात, म्हणजे काय?

माझा जीव भांड्यात पडला. हा तर तक्त्यातला प्रश्न. पानांची सळसळ. पाने हलली की सळसळ आवाज होतो, टाळ्यांसारखा. हे तिने कितीदा लिहिलं होतं. पेन हातात घेऊन चार शब्द लिहायचे की झालं आठवीचं काम.

वैष्णवीने पेन खाली ठेवलं. दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, बोटं पसरली, आणि हात हलवत तशीच बसून राहिली.

हेडसरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हळू आवाजात, खरंच वाईट वाटून म्हणाले, "राहू द्या मॅडम. येत नाही, असं बिचारी हात वर करून सांगून राहिली. पहिलं छान सांगितलं तिनं. पण हे आवाजाचं आहे, हे तिला कसं येणार? माझंच चुकलं, दुसरा प्रश्न विचारायला नको होता."

तेजरावभाऊ उठले. टोपी घातली. पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला दिसेल असं तोंड करून म्हणाले, "चाल माय. झालं."

वैष्णवीने त्यांचा हात खांद्यावरून काढला. तिने असं केलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, बहुधा त्यांनीही नसावं.

"सळसळ लिही ना," मी म्हटलं. मदत करणार नाही असं सांगितलं होतं, तरी म्हटलं.

"सळसळ पाठ आहे," ती म्हणाली. "हे मी पाहिलं आहे." आणि खिडकीकडे बोट केलं.

हायस्कूलच्या अंगणात पिंपळ होता. कवितेतला तोच असणार. उन्हं टळटळीत होती, वारा नावाला होता, पण पिंपळाला तेवढा पुरतो. त्याची पानं लांब देठावर असतात आणि नुसती हलत नाहीत, मनगटातून वळल्यासारखी उलटसुलट वळतात. अख्खं झाड तसं करत होतं. वैष्णवी खिडकीत जाऊन उभी राहिली, झाडाकडे बघत पुन्हा हात वर केले, आणि बोटं पसरून पंजे तसेच उलटसुलट वळवले. झाडाने आणि तिने, दोघांनी मिळून.

"सर," मी म्हटलं, "ती हरलेली नाही. ती टाळ्या वाजवते आहे."

ती खूण मी आधीच ओळखली होती, पण मला वाटलं होतं की ती नुसता 'टाळ्या' हा शब्द परत सांगते आहे. मग मी त्यांना आमच्या टाळ्यांचं सांगितलं. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यासाठी टाळी वाजवून उपयोग काय? म्हणून कर्णबधिर माणसं शाबासकी देताना दोन्ही हात वर करतात आणि पंजे हवेत फिरवतात. आमच्या स्नेहसंमेलनात एक मोठे पाहुणे लांबलचक भाषण करून खाली बसले, तर समोर सगळ्या शाळेचे हात वर. त्यांना वाटलं, मुलांना शंका आहेत. ते शंका घ्यायला परत उठले. त्यांना खाली बसवायला बराच वेळ गेला.

"तुमची ओळ तिने वाचली," मी म्हटलं. "पान पान टाळ्या पिटते. तिच्या टाळ्या अशाच असतात. तिला झाड टाळ्या वाजवताना दिसतं. आपल्याला नुसतं ऐकू येतं."

हेडसर खिडकीपाशी आले. पोरीकडे पाहिलं, पिंपळाकडे पाहिलं. तोच पिंपळ ते कित्येक वर्षं त्या खिडकीतून बघत असणार. मग त्यांनी स्वतःचे हात थोडे वर केले, खांद्यापर्यंत, कुणी बघत नाही ना अशा बेताने, आणि पंजे फिरवून पाहिले.

तेजरावभाऊ मला हळूच म्हणाले, "काय म्हनून राहिले?"

"अजून काही नाही."

हेडसर वळले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. ते टेबलापाशी आले, पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हेच. अगदी हेच मला म्हणायचं होतं."

आवाजाची गोष्ट आहे असं ते म्हणाले होते, त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. पण माणूस खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

"लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हेच दृश्य होतं," ते म्हणाले. "लोक वरवर वाचतात. इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. या पोरीच्या आलं." आणि तेजरावभाऊंकडे वळून, "तेजरावजी, अशी वाचक मला घालवायची नाही. जूनमध्ये पहिल्या दिवशी आणा. मी स्वतः वर्गात घेऊन जाईन."

"मनातून म्हनता ना साहेब?"

"मनातून म्हणजे काय हो! अगदी आतून."

तेजरावभाऊंनी टोपी काढली. वैष्णवीने दोघांचे ओठ वाचले होते, तिला सांगावं लागलं नाही. निघताना हेडसरांनी तिला पुस्तकाची प्रत सही करून दिली, आणि एक मलाही.

हेडसर शब्दाला जागले. जूनमध्ये ते तिला घेऊन वर्गात गेले, पहिल्या बाकावर बसवलं, आणि सगळ्या शिक्षकांना सांगितलं की या वर्गात फळ्याकडे तोंड करून कोणी बोलायचं नाही, पोरीला ओठ दिसले पाहिजेत. त्याचा फायदा वर्गातल्या सगळ्यांना झाला. सर काय बोलतात ते बऱ्याच मुलांना त्या वर्षी पहिल्यांदाच समजलं. वैष्णवी तिथूनच दहावी झाली. आता बुलडाण्यात अकरावीला आहे. मधूनमधून व्हिडिओ कॉल करते. फोन समोर टेकवून ठेवते, म्हणजे दोन्ही हात बोलायला मोकळे राहतात.

ती दहावीत असताना हायस्कूलच्या संमेलनाला मला बोलावलं होतं. हेडसरांनी पिंपळाची कविता म्हटली. त्या ओळीवर थांबले, दोन्ही हात वर करून पंजे फिरवले, आणि श्रोत्यांना सांगितलं की या ठिकाणी कवीने नादापेक्षा दृश्याला जाणीवपूर्वक प्राधान्य दिलं आहे. पुढच्या रांगेत बसलेल्या वैष्णवीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला खुणेने सांगितलं, समोर बघ.

कवितेचा अर्थ कवीला सांगायची वेळ आली, तर त्याच्या अर्थापेक्षा चांगला सांगावा आणि मग तो त्याला घेऊन जाऊ द्यावा. त्यांना अर्थ मिळाला. आम्हाला आठवीत जागा हवी होती, ती मिळाली.